बेचक्यातला केस

माझा धाकटा भाऊ ट्रक चालवतो. अंगाने थोराड, केसाळ, आवाज असा की गाडीला हॉर्न नसला तरी चालेल. म्हणून घरीदारी सगळे त्याला अस्वल म्हणतात. हा गडी एका संध्याकाळी ताट ओट्यावर ठेवून उभ्याउभ्या जेवायला लागला, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

"बस की खाली."

"दिवसभर बसूनच असतो, ताई. पाय मोकळे करतोय."

तो वळला तेव्हा पँटवर मागे ओला डाग दिसला. आई गेल्यापासून त्या घरात बाबा आणि अस्वल दोघंच. मी जवळच राहते, रोज चक्कर मारते, तरी मला पत्ता नव्हता. खूप खोदून विचारल्यावर बोलला. माकडहाडाशी गाठ आली होती. ती फुटायची, पू यायचा, बरं वाटायचं, आणि काही दिवसांनी पुन्हा भरायची. वर्ष होत आलं होतं. औषधाच्या दुकानातून हा मूळव्याधीचं मलम आणून लावत होता.

"डॉक्टरला का नाही दाखवलंस?"

"काय दाखवू? आणि कुठलं तोंड घेऊन दाखवू?"

दुसऱ्या दिवशी त्याला ताप भरला. बाबांनी दुकानाचं शटर ओढलं आणि आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. बाबांचं एका खुर्चीचं सलून आहे. गिऱ्हाइकांशी दिवसभर गप्पा, घरी आले की मौनव्रत. बापलेकांचं बोलणं म्हणजे 'जेवलास?' आणि 'हो' एवढंच.

सर्जन बाई होत्या, हे ऐकूनच अस्वलाने पाय मागे घेतला. पण बाईंनी त्याला लाजायला वेळच दिला नाही. पालथं झोपवलं, दिवा ओढला, पाहिलं.

"मूळव्याध कोण म्हणालं?"

"मीच," उशीत तोंड खुपसून अस्वल म्हणालं.

"वा! स्वतःची पाठसुद्धा दिसत नाही, आणि तुम्ही निदानही करून टाकलंत."

मग त्यांनी नीट समजावलं. दोन कुल्ल्यांच्या मधल्या खाचेत सुटा केस अडकतो. बसून बसून, घासून घासून तो सुईसारखा कातडीत शिरतो. शरीराला तो परका. त्याच्याभोवती सूज येते, पू होतो, आत बोगदा तयार होतो. नाव पायलोनायडल सायनस. "आत केसांचं घरटं बसलंय," बाई म्हणाल्या, "वरून मलम लावून ते कसं निघणार? आज पू काढून देऊ. सूज उतरली की बोगदाच काढू."

कोपऱ्यात उभे असलेले बाबा तेवढ्यात पुढे आले. त्यांनी उजवा पंजा पसरला. मधलं बोट आणि अनामिका यांच्या बेचक्यात एक जुना खड्डा होता. मी लहानपणापासून तो पाहत आले होते, विचारलं कधी नव्हतं.

"बाई, हे त्यातलंच का? पूर्वी सुजायचं, आणि आतून केस निघायचे. माझे नाही, गिऱ्हाइकांचे."

बाईंनी तोच दिवा बाबांच्या हातावर वळवला. बाईंचा चेहरा उजळला. "अगदी हेच! पुस्तकात वाचलं होतं, डोळ्यांनी पहिल्यांदा पाहतेय. केस कापणाऱ्यांना बोटांत होतं."

बाबा मात्र हसले नाहीत. "म्हणजे डोक्यावरचा कापलेला केससुद्धा... खाली तिथे जाऊ शकतो?"

"जाऊ शकतो. कापलेल्या केसाचं टोक धारदार असतं. मानेवरून, पाठीवरून घसरत जातो."

बाबांची नजर अस्वलाच्या मानेवर गेली. अस्वलाचे केस जन्मापासून त्यांनीच कापलेले. हा खुर्चीतून उठायचा, कॉलर झटकायचा आणि आंघोळबिंघोळ न करता थेट स्टिअरिंगमागे.

बाईंच्या ते लक्षात आलं असावं. "हे बघा, ह्यात कुणा एकाचा दोष नसतो. खाच खोल, अंग केसाळ, तासन्‌तास बैठक, घाम. सगळं जुळून आलं की होतं."

बाबांनी मान डोलावली, पण ते मनातून हलले होते.

सूज उतरल्यावर ऑपरेशन झालं. टाके घालून जखम बंद करायच्याही पद्धती आहेत, पण ह्याचा बोगदा फार चिघळलेला होता. म्हणून बाईंनी ती उघडी ठेवली, तळापासून हळूहळू भरून यावी म्हणून. रोज धुवायची, रोज पट्टी. "घरी कोण करणार?" नर्सने विचारलं.

मी म्हणाले, "मी आहे ना."

"ताई, त्यापेक्षा मला मारून टाक!" अस्वल कळवळलं.

"मी करतो," बाबा म्हणाले. "लहानपणी ह्याचं ढुंगण मीच धुतलंय. नवीन काय त्यात?"

नर्स हसली, मीही हसले. अस्वलाने पुन्हा उशी गाठली. बाबांनी मात्र नर्सकडून एकेक गोष्ट शिकून घेतली. पट्टी कोंबायची नाही, अलगद टेकवायची. जखमेचं तोंड आधी मिटलं आणि तळ पोकळ राहिला, तर सगळं मुसळ केरात.

तेव्हापासून दुकान उघडण्याआधी बाबा आंघोळ करत, नखं तपासत, हात कोपरापर्यंत धुवत. अस्वल ओठ चावून पडून राही. मला आत यायला बंदी, पण बाहेर चहा करताना ऐकू यायचं. एरवी दोन शब्दांवर भागवणारे बाबा त्याला गुंतवून ठेवायला बोलत सुटायचे. कुठलं गिऱ्हाईक टक्कल लपवायला काय करतं, कोण खुर्चीत घोरतं. एकदा आतून अस्वलाचं खो खो हसू आलं आणि लगेच "आई गं! हसवू नका हो बाबा, दुखतंय!" त्या घरात किती दिवसांनी कुणी असं हसत होतं. चहा उतू गेला, तरी मी तशीच उभी राहिले.

जखम छान भरत होती आणि मध्येच अडली. बाबांनी मला दवाखान्यात फोन करायला सांगितलं. "तळाशी फिकट, ओलं दिसतंय. आणि मला वाटतं, केस आहे."

दवाखान्यात नेल्यावर बाईंनी चिमट्याने तो काढला. एकच केस, आडवा पडलेला. "लवकर आणलंत. हा आत राहिला असता तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न." मग त्या बाबांना म्हणाल्या, "आजूबाजूचे केस बारीक ठेवायला हवेत. वस्तरा नको, कातडी कापेल. मशीन चालवा, आणि कापलेला एकही केस मागे राहू देऊ नका. पुढे लेझरने केस कायमचे काढायचं पाहू. घरातच कारागीर आहे, माझं काम सोपं झालं."

अस्वल म्हणालं, "म्हणजे आता बाबा माझी तिथेसुद्धा हजामत करणार?"

"फुकट करतोय, गप पड," बाबा म्हणाले.

आणि केली त्यांनी. आठवड्याच्या आठवड्याला, जखम झाकून, नंतर ओल्या कापडाने कण न् कण टिपून. एकदा काम करता करता हळूच म्हणाले, "माझ्याच दुकानातला केस असेल रे तो."

आतून अस्वल म्हणालं, "आणि आंघोळ न करता पळायचो तो मी. वर्षभर लपवून ठेवलं ते मी. तुम्ही नसता तर मी अजून मलमच चोळत बसलो असतो."

मशीन पुन्हा सुरू झाल्याचं ऐकू आलं.

जखम भरायला बरेच महिने लागले, पण भरली. अस्वल पुन्हा गाडीवर गेलं. आता तासा-दीड तासाने गाडी बाजूला घेतं, उतरून चार पावलं चालतं. बाकीचे ड्रायव्हर चिडवतात, तेव्हा सरळ सांगतं, "ऑपरेशन झालंय, इथं मागे," आणि कशाचं ते समजावूनही देतं. एकेकाळी सख्ख्या बहिणीला न सांगणारा हा माणूस! त्याच्या सांगण्यावरून दोघं जण बाईंना दाखवून आले.

बाबांनी दुकानात गळ्याभोवतीचं कापड बदललं. नवं घट्ट बसतं. केस कापून झाले की मान, कान, पाठ ब्रशने स्वच्छ करतात, आणि गिऱ्हाईक उठलं की म्हणतात, "आधी घरी जा, आंघोळ कर, मग कुठे जायचं तिथे जा."

मागच्या आठवड्यात मी त्यांना डबा द्यायला गेले, तेव्हा एक तरुण खुर्चीत सारखं बूड इकडून तिकडे सरकवत होता. बाबांनी कात्री खाली ठेवली, त्याच्या कानाशी वाकून काहीतरी विचारलं. तरुणाचा चेहरा आधी पडला, मग सैलावला. दोघं बराच वेळ खालच्या आवाजात बोलत होते. मी डबा ठेवून निघाले, तेव्हा बाबा त्याला सर्जनबाईंच्या दवाखान्याचा रस्ता समजावत होते.