टाकीमागे रडलेली आत्या

भाचीची लेखनसोबती मीच होणार, असं लोसालिनेने शाळेच्या अंगणात जाहीर केलं, तेव्हा तिला नको म्हणायची छाती कुणाचीच झाली नाही. दूर दक्षिण समुद्रातल्या हापाईच्या बेटांवर बापाच्या थोरल्या बहिणीचा मानच तसा. लग्न असो की मयत, तिच्यावाचून पान हलत नाही. सियोसाइया मास्तरांनी जरा मान खाजवली आणि सातवीतल्या हेपिसीपाच्या, म्हणजे हेपीच्या, नावापुढे तिच्या आत्याचं नाव लिहून टाकलं.

मास्तरांची रीत साधी होती. प्रत्येक मुलाची एक फाइल आणि गावातला एक मोठा माणूस सोबतीला. मुलाने लिहायचं, मोठ्याने वाचून प्रश्न विचारायचे, मुलाने पुन्हा लिहायचं. एकही कागद फेकायचा नाही. सत्राच्या शेवटी चर्चच्या हॉलमध्ये मुलाने आपल्या पसंतीचा लेख सगळ्यांसमोर वाचायचा. यंदा हेपीचा बाप तो फोनवरून ऐकणार होता. तो ऑस्ट्रेलियात द्राक्षं तोडायला गेला होता, आणि लोसालिनेचा या भावावर फार जीव. लेकीचं ऐकून त्याचा ऊर भरून यावा, एवढ्यासाठी तर ती सोबती झाली होती.

शाळा सुटली की दोघी विलायती फणसाच्या झाडाखाली बसत. आत्या खुर्चीवर, भाची खाली चटईवर.

"ही ओळ काढ."

"हो आत्या."

"सुरुवातीला देवाचे आभार मान."

"हो आत्या."

पोरगी किती गुणाची, असं लोसालिने गावभर सांगत सुटली.

वाचनाला आठवडा उरला असताना मास्तरांनी तिला बोलावलं आणि हेपीच्या फाइलमधले कागद व्हरांड्यात ओळीने मांडले. पहिल्या कागदावर होतं: 'बाबा निघाले तेव्हा आत्या धक्क्यावर सगळ्यांना दटावत होती, रडू नका म्हणून. मग ती पाण्याच्या टाकीमागे गेली आणि एकटीच रडली. मी पाहिलं. मला बरं वाटलं, कारण मग मलाही रडता आलं.' त्यावर लाल रेघ होती. घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर कशाला, असं म्हणून लोसालिनेनेच ती मारली होती. शेवटच्या कागदावर होतं: 'देवाच्या कृपेने आमचे कुटुंब सुखी आहे. वडील कष्टाळू आहेत.'

"हा शेवटचा कुणी लिहिला?" मास्तरांनी विचारलं. दोघं एका वर्गात शिकलेले, त्यामुळे मास्तर तिला फारसे भीत नसत.

"हेपीने. अक्षर दिसत नाही का तिचं?"

"अक्षर तिचं आहे. लोसालिने, तुझं बोलणं तुझा भाऊ जन्मभर ऐकत आलाय. आता तरी बिचाऱ्याला लेकीचं ऐकू दे."

लोसालिने तणतणत घरी आली. पण 'मलाही रडता आलं' हे शब्द काही तिच्या डोळ्यांपुढून हलेनात.

दुसऱ्या दिवशी तिने फर्मान काढलं, "आजपासून माझं ऐकायचं नाही. माझ्याशी वाद घालायचा."

"हो आत्या," हेपी म्हणाली.

पोरीला धीर यावा म्हणून लोसालिने खुर्ची सोडून चटईवर बसली, तर हेपी घाईघाईने चटईवरून मातीत सरकली. आत्याही मातीत उतरली. पोर आणखी मागे सरली. आता ही खड्डा खणून त्यात बसते की काय, असं वाटून लोसालिनेला हसू फुटलं, आणि हसता हसताच तिला उमगलं. खुर्चीचा काही दोष नव्हता. पोर तिला भीत होती.

संध्याकाळी ती हेपीच्या मामाकडे गेली. त्या बेटांवर मामापुढे भाची राणीच. मोसेसेमामाच्या ताटातला मोठा मासा हेपी खुशाल उचलायची, वर त्यालाच आळशी म्हणायची.

"तू बस तिच्यापाशी," लोसालिने म्हणाली.

"मी? ताई, मला चार ओळी धड लिहिता येत नाहीत!"

"लिहायचं तिने. तू फक्त ऐकायचं. मला तेवढंही जमलं नाही रे." हे बोलताना तिला फार जड गेलं.

मग रोज कुंपणापलीकडून भांडण ऐकू येऊ लागलं.

"मामा, तुला काय कळतंय? ती ओळ राहणार!"

"अगं, तुझी आत्या मला कच्चा खाईल!"

"खाऊ दे!"

अळूची पानं निवडता निवडता लोसालिनेने देवाचे मनापासून आभार मानले.

वाचनाच्या दिवशी मास्तरांनी फोन टेबलावर ठेवला. हेपीने पहिलाच कागद निवडला होता. टाकीची ओळ आली तशी अख्ख्या हॉलने माना वळवल्या. लोसालिने ताठ बसून राहिली. वाचन संपलं. फोनवरून भाऊ घोगऱ्या आवाजात म्हणाला, "हेपी, ते टाकीचं पुन्हा वाच गं, बाळा."

तिने पुन्हा वाचलं.

बाहेर जेवणाची पानं वाढली जात होती. लोसालिनेने भाचीला गाठलं. "छान वाचलंस. पण एक सांगते, मी काही रडत नव्हते. चुलीचा धूर गेला होता डोळ्यांत."

हेपीने नेहमीसारखी मान खाली घातली. मग ती वर उचलली.

"नाही आत्या," ती म्हणाली. "धक्क्यावर चूल नव्हती."

"उपकार झाले गं पोरी," लोसालिने म्हणाली. तिने हेपीला पोटाशी धरलं, आणि गावादेखत, टाकीबिकी न शोधता, ती मनसोक्त रडली.