चाळणीची चकती

सकाळी नऊ वाजता शारखूनं ट्रक माझ्या दाराशी उभा केला, आणि मी केबिनमध्ये चढून पाहिलं तर आत बाहेरच्याइतकंच गार. बाहेर उणे चौतीस होतं.

रशियन फौज आमच्या देशातून गेली तेव्हा मागे राहिलेला हा ट्रक. शारखूच्या बापानं तो घेतला, आता शारखू चालवतो. तो माझा जुना विद्यार्थी. त्याची सात वर्षांची मुलगी खालिउन आमच्या गावच्या शाळेत पहिलीत आहे आणि माझ्याकडेच राहते. शरद ऋतूत तिला न्यूमोनिया झाला. त्यातून ती उठली, पण आई तिला तेव्हापासून दिसली नव्हती. आई नव्वद किलोमीटरवर, खिंडीपलीकडे, मेंढरांपाशी.

आणि आज बितून. उद्या पांढरा महिना लागणार, नवं वर्ष. बितूनच्या संध्याकाळी माणूस आपल्या घरी पोटभर जेवलेला असावा लागतो. वाटेत राहिला तर वर्षभर वाटेतच राहतो म्हणतात.

पण डॉक्टर त्सेव्हेलनं काल स्पष्ट सांगितलं होतं, "केबिन गरम असेल तर न्या. मी स्वतः आत बसून बघणार. तोंडातून वाफ दिसली की मुलगी खाली."

"अकरा वाजता येणार आहे ती," मी म्हणाले. "आणि तू दोन तास हीटर लावून आलास तरी ही अवस्था?"

"बाई, काय करायचं बाकी ठेवलंय मी? दाराला लोकरीचा जाड नमदा लावला, फटी बुजवल्या, रेडिएटरवर नमद्याचे तीन थर बांधले. पंखा बघा कसा गरगरतोय."

"गार हवा गरगर फिरवून गरम होते का?"

"तुमच्या तासाला मी झोपायचो, मला काय विचारता?"

"म्हणूनच विचारतेय. बॉनेट उघड. हीटरला दोन नळ्या जातात, दोन्हींना हात लाव. आधी हात, मग तोंड."

त्यानं हातमोजा काढून हात लावला. "दोन्ही कोमट."

"एक गरम आणि एक गार असती तर?"

त्यानं नळीवरून पुन्हा बोट फिरवलं. "तर पाणी मध्येच अडकलंय."

"आणि दोन्ही कोमट म्हणजे?"

"इंजिनच कोमट." त्यानं केबिनमधल्या तापमानाच्या काट्याकडे पाहिलं. पंचेचाळीस. "पण का? एवढं चालवलं!"

माझ्या मागे घराच्या खिडकीच्या काचेवर टकटक झाली. खालिउन पहाटेपासून बूट घालून, पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिनं ओठांनी विचारलं, निघायचं? मी मानेनंच नाही म्हटलं. दहा मिनिटांत ती चौथ्यांदा विचारत होती.

"शारखू," मी म्हणाले, "थर्मोस्टॅट कुठाय?"

पाणी गार असेपर्यंत रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी ती मुठीएवढी पितळी झडप. ती नसली की पाणी तापायच्या आधीच रेडिएटरमध्ये जाऊन निवून येतं. मग नमदे कितीही बांधा.

शारखू टोपी सारखी करू लागला.

"उन्हाळ्यात लोकर भरून खिंड चढत होतो. पाणी उकळलं. काढून टाकला तो."

"टाकला कुठे?"

"टाकला नाही हो. तो काढल्यावर ट्रक असा चढला, असा चढला... मग वर पोचल्यावर मी तो निळ्या कापडात गुंडाळून ओवोला वाहिला."

खिंडीतल्या त्या दगडांच्या राशीवर ड्रायव्हर लोक काय काय वाहतात, मला ठाऊक आहे. स्टिअरिंगची चाकं, पट्टे, रिकाम्या बाटल्या. पण चालत्या ट्रकचा थर्मोस्टॅट कोणी वाहिल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"परत आणू नकोस," मी म्हणाले, कारण त्याचा चेहरा तसा झाला होता.

"मी म्हटलं का आणतो म्हणून? डोंगराचं ते डोंगराचं."

दुसरा मिळणार तो जिल्ह्याच्या गावी. दोनशे किलोमीटर, तेही उलट्या दिशेनं. साडेनऊ झाले होते.

मी घरात गेले. बूझ, म्हणजे मटण भरलेले मोदक, उकडायचं माझं भांडं चार चाळण्यांचं आहे. सगळ्यात वरची चाळणी मी काढली आणि पत्रा कापायची कात्री शोधली.

शारखू दारात उभा. "बाई! आज बितून, आणि तुम्ही चाळणी कापताय?"

"उद्या नातवंडं येतील, तीन चाळण्यांवर भागेल त्यांचं. तू थर्मोस्टॅट बसायच्या जागेचं तोंड उघड, कागद ठेव आणि माप आण. पाणी थोडंच सोड, आणि सोडशील ते बादलीत घे, चुलीवर ठेवायचंय."

"चाळणीनं थर्मोस्टॅट होतो?"

"होत नाही. वाट अरुंद होते, एवढंच. थोडं पाणी रेडिएटरकडे जाईल, बाकीचं इंजिनात आणि हीटरमध्ये फिरेल. तुझ्या हातात पूर्ण दार नसेल तर निदान दार लोटून ठेव."

मी चकती कापली. मापात सात भोकं आली. मला ती जास्त वाटली, म्हणून तीन भोकं तांब्याच्या खिळ्यांनी बुजवून टोकं ठोकली. पाणी गळू नये म्हणून खाली घालायला जुन्या हजेरीपटाचा पुठ्ठा कापून तेलात भिजवला. शारखूची बोटं बोल्टला चिकटत होती. तो शिव्या द्यायचा, खिडकीकडे बघायचा, आणि पुढची शिवी गिळायचा.

खालिउन बाहेर आली. "बाबा, आई माझ्यासाठी बूझ ठेवेल ना बंद करायला? शेवटची दहा मी बंद करणार, असं ठरलंय."

"ठेवेल. आत जा."

"किती वाजता निघायचं?"

"आत जा म्हणतो ना!"

सव्वाअकराला गाडी सुरू झाली. काटा पन्नासवर आला आणि तिथंच बसला. मग पंचावन्न. साठ. शारखू काट्यावर बोट आपटत होता, जसं काही तो ढकलून पुढे जाईल. सत्तरला मी नळीला हात लावला आणि पटकन काढला.

डॉक्टर त्सेव्हेल उशिरा आली, हे बरंच झालं. ती चढली, दार लावलं, आणि तोंडातून लांब हा केलं. काचेवर धुकं जमलं.

"हे काय?" ती म्हणाली.

"डॉक्टर, काचेपलीकडे उणे चौतीस आहे. हवेत बघा."

तिनं पुन्हा श्वास सोडला. हवेत अंधुक काहीतरी दिसलं. गिअरच्या दांड्याजवळून वारा येत होता. शारखूनं आपल्या बुटातला नमद्याचा तळवा काढून तिथं कोंबला. पाच मिनिटांनी तिनं पुन्हा हा केलं. काही दिसलं नाही.

"ठीक आहे," ती म्हणाली. "न्या."

तिथं मी गप्प बसू शकले असते.

"एक गोष्ट आहे," मी म्हणाले. "ह्याच्या गाडीत साधं पाणी आहे. आता रेडिएटरकडे कमी पाणी जातंय. त्याचा तळ गोठू शकतो. गोठला, फुटला, तर दोघं खिंडीत अडकतील."

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं, मग शारखूकडे. "उपाय?"

"दर पाच किलोमीटरला उतरून तळाला उघड्या हातानं हात लावायचा. कोमट असेल तर पुढं. गार लागला तर नमदा खालपर्यंत ओढायचा आणि उभ्यानंच इंजिन चालवायचं."

"हा लावेल हात? शाळेत झोपणारा?"

"माझी मुलगी आहे, डॉक्टर," शारखू म्हणाला. एवढंच.

पावणेबाराला ते गेले.

मग माझ्या हाताला काम सुचेना. बितूनच्या रीतीप्रमाणे, देवीच्या खेचराला पाणी म्हणून, दाराच्या चौकटीवर बर्फाचे तीन तुकडे ठेवले. पीठ मळलं, ते जास्त मळलं गेलं. चार भोकं जास्त होती की कमी? दोन बुजवायला हवी होती का? चाळीस वर्षं मी मुलांना सांगत आले, आधी छोटा प्रयोग करून बघा. आणि आज पहिला प्रयोग एका लेकरावर.

वाटेत फोन फक्त खिंडीच्या माथ्यावर लागतो, मग थेट शारखूच्या घरावरच्या टेकाडावर. माथ्यावरून तीनपर्यंत यायला हवा होता. साडेतीन झाले. चार. मी अंगणात जाऊन रस्त्याकडे पाहून आले, जसा तो रस्ता साठ किलोमीटर दाखवणार होता.

चार वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला.

"बाई, माथ्यावर. बारा वेळा उतरलो. दोनदा गार लागला, तर थांबलो. म्हणून उशीर."

"आता ऐक. पुढं उतार. उतारावर इंजिनाला काम नाही, पाणी निवेल. नमदा पूर्ण ओढ, खालचा गिअर ठेव, इंजिन ओरडू दे."

"उतारावर गोठेल? चढावर नाही आणि उतारावर?"

"विचार कर. कोण तापवणार त्याला?"

"कळलं," तो म्हणाला. मागून खालिउनचा आवाज आला, "बाई, मला गरम होतंय, बाबा कोट काढू देत नाहीत!"

सूर्य टेकला तेव्हा दुसरा फोन आला.

"घरावरच्या टेकाडावर उभा आहे. धूर दिसतोय आपला. ही घामानं भिजलीये बाई, आणि दार उघडायला बघतेय."

"उघडू देऊ नकोस! आतच अंग पूस, सदरा बदल, कोट घाल. हीटर बंद कर आणि दहा मिनिटं बसून राहा. मग उतरव."

"दहा मिनिटं? आई खालून चालत येतेय, आणि ही रडतेय."

"रडू दे. आईलाच आत घे."

दार उघडल्याचा आणि पटकन लावल्याचा आवाज आला. मग फोन तसाच चालू राहिला, कोणीतरी तो सीटवर टाकला असावा. आत कापडाची सळसळ झाली, कोणीतरी नाक ओढलं. माझ्याशी कोणीच बोललं नाही. मी थोडा वेळ ऐकलं, फोन ठेवला, आणि पाण्याला उकळी आली का ते बघायला चुलीकडे गेले.