मीठ मारलेला बर्फ

नूकराजूने डॉक्टर वेंपटींची कॉलर धरली आणि त्यांना भिंतीवर आपटलं. विशाखापट्टणमच्या धक्क्यावर माशांच्या पेट्या उचलण्यात जन्म गेलेले हात ते. चष्मा फुटला, ओठ फाटला, नर्स किंचाळत बाहेर पळाली.

"औषध आणून दिलं ना मी? मग टोचत का नाहीस? दुसऱ्या कुणा बड्या धेंडाला विकलंस काय रे?"

"सोड... आधी ऐक..."

ऐकतो कसला! त्याने आणखी एक ठेवून दिली. आतल्या खोलीत धाकटा भाऊ एर्रय्या अर्धं अंग लुळं पडून निजला होता. त्याच्या डोक्यातल्या गाठीपर्यंत साधं औषध पोचतच नव्हतं. मेंदूची राखण करणारी भिंत ते अडवायची. या नव्या औषधाचे कण इतके बारीक, की त्या भिंतीतूनही आत शिरावेत. ते हैदराबादहून आणायला नूकराजू स्वतः गेला होता. कुरिअरवाल्यांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता.

दाराशी एर्रय्याची बायको पोलम्मा उभी होती. "मारा भाऊजी, अजून मारा!"

डॉक्टरांनी रक्त थुंकलं आणि मुठीतली बाटली त्याच्या नाकासमोर धरली. "हे बघ. नासलेल्या दुधासारखं झालंय. कण एकमेकांना चिकटलेत. टोचलं तर फुप्फुसात अडकतील, जागच्या जागी जाईल तो. वाटेत कुठे ठेवलं होतंस?"

"बर्फात! सुरमईला जपत नाही इतकं जपून."

"नुसत्या बर्फात?"

"नुसत्या बर्फाने किती गार होणार? मीठ मारून. दगडासारखं घट्ट..."

बोलता बोलता त्याने डॉक्टरांची कॉलर सोडली.

"थंड ठेवायचं होतं, गोठवायचं नव्हतं. तिथे सांगितलं नाही कुणी?"

सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं. हे शहाणे मला बर्फ शिकवतात, म्हणून तो मनात हसला होता.

"दुसरी बाटली?"

"महिना लागेल. एर्रय्याकडे तेवढा वेळ नाही."

पोलम्माने सगळं ऐकलं होतं. सलाईनचा लोखंडी स्टँड दोन्ही हातांनी उचलून ती पुढे आली. डॉक्टर मध्ये पडायला धावले. नूकराजूने त्यांना बाजूला सारलं, या खेपेला हळूच, आणि स्वतःचं डोकं पुढे केलं.

"दादा," आतून एर्रय्याने अडखळत विचारलं, "सुई कधी देणार रे?"

पोलम्माने घाव घातला.