जिन्याखालची जागा

“आधी माणसं काढ. मग भिंतींना हात लाव.”

नोकरीच्या पहिल्या दिवशी साहेबांनी सांगितलेलं हे वाक्य तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की आठवायच्या आधीच बोटं चालू लागत. पाडायला निघालेल्या इमारतीचे चहूबाजूंनी फोटो घ्यायचे आणि त्यांतून संगणकावर ती पुन्हा रचायची. मग रिकाम्या जागेसमोर कुणी फोन धरला, की पडद्यावर इमारत जागच्या जागी उभी. त्यात आलेली माणसं, हातगाड्या, बोळकांडीतली अडगळ पुसणं हे तिचं काम. ऑफिसात तिला लाडानं झाडूबाई म्हणत.

पाडलेल्या जुन्या मार्केटच्या जागेवर चाचणीला आसपासच्या लोकांना बोलावलं होतं. कमानी दिसल्या, घड्याळ दिसलं, लोक हरखून गेले. एक म्हातारे गृहस्थ मात्र पडद्यावरच्या जिन्यापाशीच घुटमळत राहिले. मार्केटची लिफ्ट त्यांनी जन्मभर चालवली होती.

“काका, वर बघा ना, नक्षी किती छान आलीय!”

“नक्षी आहे गं. हिचं मशीन कुठाय?”

“कुणाचं?”

“आमच्या हिचं. जिन्याखाली शिवत बसायची. अख्ख्या मार्केटची उसवलेली कामं हिच्याकडं.” ते हसले. “मी दिवसभर वर-खाली, ही एका जागी. म्हणायची, तुम्ही फिरा जगभर, मी आहे इथंच.”

तिनं जिन्याखाली फोन धरून पाहिलं. काका पुढे म्हणाले, “मार्केट गेलं, पाठोपाठ हीपण गेली. घरी फोटो आहे, पण लग्नातला, नटलेला. इथं बसलेली एकदा बघायची होती.”

जिन्याखालचा कोपरा तिनंच लख्ख केला होता.

“मी शोधते, काका. सापडल्या तर उद्घाटनाआधी तुम्हाला दाखवीन. शब्द देते.”

“बघ बाई. पण माझे गुडघे आता माझं ऐकत नाहीत. समोरच राहतो, तिसऱ्या मजल्यावर. अन् बिल्डिंगला लिफ्ट नाही. बघ, कशी थट्टा आहे!”

मूळ फोटोंतून मशीन सापडलं, स्टूल सापडलं, दोऱ्याची रिळंसुद्धा. बाई मात्र अर्धीच आली. हलणारं काही या फोटोंत धड उमटत नाही. वाकलेली पाठ स्वच्छ होती. हात आणि चेहरा म्हणजे नुसता धुरकट डाग.

“लग्नातल्या फोटोवरून चेहरा बसवू?” शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली. “आत्ता होईल.”

तिनं काकांना फोन लावून विचारलं.

“नको गं. तो कॅमेऱ्याकडं बघणारा चेहरा. कामात असली की मान वर करायची नाही ती. मी मुद्दाम लिफ्टचं दार आपटायचो, तरी नाही! पाठ आलीय ना? मग आली ती.”

साहेबांनी पडदा पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. “आपण वास्तू दाखवतोय, घरचा अल्बम नाही.”

“साहेब, तो कोपरा रिकामा मी केलाय. तो तसा कधीच नव्हता.” एवढं बोलताना तिचा आवाज नेहमीपेक्षाही खाली गेला.

साहेब त्या वाकलेल्या पाठीकडे बघत राहिले. “राहू दे,” ते म्हणाले. “उद्या व्यासपीठाजवळ थांब. पाहुण्यांच्या हातात फोन तूच द्यायचास. तुझं नाव पुकारणार आहेत.”

इतक्या वर्षांत तिचं नाव कुणी पुकारलं नव्हतं. उद्घाटनाच्या दिवशी घरून आई आणि भाऊ येऊन पुढच्या रांगेत बसले होते.

काकांना आणायला ती निघणार, तोच प्रमुख पाहुणे वेळेआधीच येऊन थडकले. माईक खाकरला. साहेब तिला हातानं पुढे बोलवू लागले. समोरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत कुणीतरी इस्त्रीचा शर्ट घालून उभं होतं.

पहिलं भाषण सुरू झालं. तिनं पाहुण्यांचा फोन मैत्रिणीच्या हातात ठेवला.

“अगं, आता पुकारतील ना तुला!”

“पुकारू देत. तू दे त्यांना. फीत कापायच्या आत येते.”

आईकडे बघून तिनं डोळ्यांनीच ‘आलेच’ म्हटलं. आपला फोन पिशवीत टाकला. जिना उतरताना काकांना प्रत्येक वळणावर टेकता यावं म्हणून मागच्या रांगेतली एक घडीची खुर्ची काखेत घेतली, आणि रस्ता ओलांडून ती जिना चढू लागली.