दोन दिवसांचा आराम

सुयशने भिंतीलगतचा दांडा सोडला तसं योगिनीने हातातलं घड्याळ सुरू केलं. सहा मिनिटं. तेवढ्यात अडीचशे मीटर चालून झाले, की उद्यापासून कचेरीत एकट्याने जायचं, असं मायलेकांचं ठरलं होतं. चौतिसाव्या वर्षी आईचा हात धरून कचेरीत शिरायची त्याला लाज वाटे, आणि ते त्याने विमलाबाईंना तोंडावर सांगितलंही होतं.

सेरेब्रल पाल्सी जन्मापासूनची. गुडघे आत वळलेले, टाचा अधांतरी. इंदिरानगरच्या या व्यायामकेंद्रात फिजिओथेरपिस्ट योगिनीच्या हाताखाली त्याने आठ महिने घाम गाळला होता. गेल्याच आठवड्यात दोनशे चाळीसपर्यंत मजल गेली होती.

आज मात्र तिसऱ्या फेरीतच गुडघे एकमेकांवर घासू लागले. बाकावर बसलेल्या विमलाबाई अर्ध्या उठल्या आणि पुन्हा बसल्या.

"एकशे नव्वद," योगिनी म्हणाली. "सुयश, दोन दिवस काय केलंस?"

"झोपून होतो." त्याने आईकडे बघायचं टाळलं.

"मीच झोपवलं त्याला," विमलाबाई म्हणाल्या. "पाय दमायला नको म्हणून. आमच्या नामपूरला कांदा बाजारात न्यायचा म्हटलं की आधी दोन दिवस बैल जुंपायचेच नाय."

योगिनी हसली नाही.

"बैलांचं बरोबर आहे, मावशी. पण याचे पाय पडून राहिले की आखडतात. रोज थोडं तरी चालायलाच हवं."

विमलाबाईंनी मनातल्या मनात हिशोब मांडला. दोन दिवसांचं काय घेऊन बसलात? शाळेत कडेवर नेला, पाण्याचा तांब्या कायम हातात दिला, घर तीन गल्ल्यांवर असून इथेसुद्धा रिक्षाने आणला. जपता जपता अति तिथं माती झाली होती, आणि आठ महिने घाम गाळून पोरगं त्या मातीतून पाय बाहेर काढत होतं.

"असू दे गं आई," सुयश बुटाचा पट्टा आवळत म्हणाला. "पुढच्या महिन्यात परत चाचणी देऊ."

तो चिडला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

फाटकाबाहेर रिक्षा मिळाली. विमलाबाई आत चढल्या आणि सीटच्या मधोमध बसल्या.

"सरक ना जरा," सुयश म्हणाला.

"कणीक मळायची राहिलीय. मी होते पुढं. तू ये चालत."

"एकटा?"

"लागू दे वेळ लागायचा तेवढा." त्यांनी रिक्षावाल्याला चलायची खूण केली.

आरशात सुयश दिसत होता. फाटकाशीच उभा होता, हात भिंतीला लावून.

"थांबू का, मावशी?" रिक्षावाल्याने वेग कमी केला.

"नको," विमलाबाई म्हणाल्या, आणि आरशातून नजर काढून त्यांनी समोरचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला.