तिसऱ्या कडव्यातली ओळ

उदगीरच्या शिवकांताबाईंनी स्वतः बांधलेलं महादेवाचं भजन लातूरला अमृतरावांच्या स्टुडिओत गायलं, त्याला महिना होत आला होता. गाणं नेटवर आलं. भजनी मंडळातल्या बायांनी तोंडभरून कौतुक केलं. पण सून सुकन्यानं ते मोबाईलवर डाउनलोड करून ऐकवलं, तेव्हा बाईंच्या कपाळावर आठी पडली.

"हा आवाज माझा न्हाई."

"असं काय म्हणता, आत्या? नाव तुमचंच हाय की."

"नाव माझं, गळा दुसरीचा. कुणीतरी पत्र्याच्या डब्यात तोंड घालून गातंय."

तेव्हापासून संशय बाईंच्या मनातून हलेना. रेकॉर्डिंगच्या दिवशी अमृतरावांची सून पुनम काचेपलीकडं उभी राहून सोबत गुणगुणत होती. निघताना अमृतरावांनी नको तेवढा आग्रह करून चहा पाजला होता. तेव्हा साध्या वाटलेल्या या गोष्टी आता एकेक करून टोचायला लागल्या. शेवटी सुनेला घेऊन त्या लातूरच्या एसटीत बसल्या.

अमृतरावांनी मोबाईल हातात घेतला, फाइल बघितली आणि हसले.

"बाई, ही दीड एमबीची एमपीथ्री हाय. कुठून उतरवली?"

सुकन्या ओशाळली. "फुकटची साइट होती. मोबाईलमधी जागा नव्हती, म्हणून सगळ्यात लहान घेतली."

"तिथंच घोळ झाला. फाइल एवढी लहान करायची म्हणजे आवाजातलं बारीकसारीक काढून टाकावं लागतं. श्वास, टाळांची किणकिण, सगळं. एकदा गेलं की परत येत न्हाई. माझ्याकडं मूळची वेव्ह फाइल हाय, पन्नास एमबीची. ती ऐका."

माणूस लई गोड बोलत होता. बाईंना तेच खटकलं. तरी त्यांनी हेडफोन कानाला लावला.

आणि आवाज त्यांचाच होता. ओळीआधी घेतलेला श्वास, थोडा घोगरा खालचा सूर, हातानं ताल धरताना किणकिणणाऱ्या काचेच्या बांगड्यासुद्धा. दोन कडवी बाई डोळे मिटून ऐकत राहिल्या. उगीच भल्या माणसावर वहीम घेतला, असं वाटून त्या मनात खजील झाल्या.

तिसऱ्या कडव्यात वरच्या सुरातली ओळ आली आणि बांगड्या गप्प झाल्या. पुढच्या ओळीला परत वाजू लागल्या.

"मागं घ्या," बाई म्हणाल्या. पुन्हा ऐकलं. पुन्हा मागं घ्यायला लावलं. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "ह्या एका ओळीला माझा हात कुठं गेला होता, अमृतराव?"

अमृतराव स्क्रीनवर काहीतरी शोधू लागले. उत्तर दारातून आलं.

"ती ओळ मी गायले, काकू," पुनम म्हणाली. "तुमचा गळा तिथं फाटला होता. मामंजी म्हणाले, कुणाला कळणार न्हाई."

"चांगल्यासाठीच केलं, बाई," अमृतराव पुटपुटले. "तुम्ही दमला होता."

"मग मला सांगायचं होतं. दम खाऊन परत गायले असते."

"आता गा. सूर हलला तर मशीनवर सरळ करतो."

"मशीनला हात लावायचा न्हाई."

बाई आत जाऊन उभ्या राहिल्या. ओळ वर चढली आणि गळा नेमका त्याच जागी फाटला. काचेपलीकडून अमृतरावांनी दुसऱ्यांदा गाण्याची खूण केली. बाईंनी नाही म्हणून मान हलवली.

"असू द्या. फाटला तरी माझा हाय."

त्यांच्यासमोर ओळ बदलली गेली. नवी मूळ फाइल पेनड्राइव्हवर घेतल्याशिवाय त्या खुर्चीवरून उठल्या नाहीत.

दोन दिवसांनी नवं गाणं नेटवर आलं. सुकन्यानं लग्नातले जुने फोटो पुसून मोबाईलमध्ये जागा केली आणि सगळ्यात मोठी फाइल उतरवली. बाईंनी कानात इअरफोन घालून शेवटपर्यंत ऐकलं. गळा फाटलेला होता, जागेवर होता.

"झालं ना आता समाधान?" सुकन्यानं विचारलं.

"झालं की. आता ती पेनड्राइव्हवरची लाव. दोन्ही एकच हायेत का बघू."

"आत्या, आता तरी विश्वास ठेवा माणसावर!"

"ठेवते," बाई म्हणाल्या. "आधी लाव."