वांग्याच्या खोडातलं दूध

कारधा गावाच्या पारावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध काचेचा पेला, पेल्यात नितळ पाणी आणि मागं दूधबाबा. गळ्यात माळा, कपाळावर गॉगल.

गावातली वांगी सकाळी हिरवी असत, सांजेला माना टाकत. बाबानं तसलंच झाड कापलं, खोडाचं टोक पाण्यात धरलं आणि घोगऱ्या सुरात आळवलं,

"निघ वो करणी, निघ वो माय,
वांग्याच्या वाडीत तुह्यं काय?"

खोडातून दुधाची बारीक धार पाण्यात उतरली. बायांनी हात जोडले.

"करणी निघून राहिली! हे तीर्थ चांगल्या वाडीत शिंपडा. पुन्हा वांगीच लावा, पीक बदलवाल तं माय कोपन. रोपं मठातून न्या."

मायेचा कोप आणि मठाची रोपवाटिका, सोयरीक मोठी घट्ट.

शेवंताबाई तीर्थाचा तांब्या घेऊन उठली. घरामागची तिची वाडी तेवढी अजून तगून होती. शाळेत विज्ञान शिकवणारी तिची सून रुचिका आडवी आली.

"आई, थांबा जरा."

"कायले थांबू? उद्या तेही वाळन."

रुचिकानं चहावाल्याकडून दोन पेले आणले, घरच्या वाडीतलं एक निरोगी झाड उपटून आणलं. दोन्ही खोडं कापून एका पेल्यातल्या पाण्यात बाबाचं रोगट धरलं, दुसऱ्यात निरोगी. मंत्र नाही, चकार शब्द नाही. रोगट खोडातून धार उतरली. दुसरं पाणी नितळच.

"आता याच्यातून काढा, बाबाजी."

बाबानं घसा बसेस्तोवर आळवलं. कपाळाला घाम फुटला, खोडाला काही फुटेना.

"बाबा, गाय भाकड निघाली काय?" गर्दीतला गोमाजी म्हणाला. सारा पार हसला.

"हे दूध नाही, रोगाचे जिवाणू आहेत," रुचिका म्हणाली. "मातीतून मुळात शिरतात, खोडातल्या पाण्याच्या वाटा बुजवतात. झाड ओल्या मातीत तहानेनं मरते. अन् हेच पाणी तुम्ही चांगल्या वाडीत शिंपडून राहिले."

गोमाजीचं हसू मावळलं. "मी तं परवाच बाबाचं तीर्थ शिंपडलं, पोरी."

शेवंताबाईनं तांब्या ओतायला हात वाकवला.

"जमिनीवर नोको, आई."

चहाच्या भट्टीत तीर्थ चर्र करून जळालं.

"मंग लावाव तरी काय?" गोमाजीनं विचारलं.

"दोन-तीन वर्षं वांगी, टमाटर, मिरची नोको, तिघी एकाच गोताच्या, रोगही एकच. मका लावा, ज्वारी लावा."

"माय कोपन!" गॉगल सावरत बाबा पुटपुटला.

"कोपू दे," शेवंताबाई म्हणाली. "मक्याची भाकर खाऊ घालीन तिले. तू आपली रोपं मठातच ठेव."

चमत्कारापुढं हात जोडायचेच असतील तर खुशाल जोडावेत. त्याआधी शेजारी दुसरा पेला तेवढा मांडून पाहावा.